चार दारांची खोली

माझ्या खोलीला चार दारं होती आणि चारही दारांच्या कड्या पलीकडच्या बाजूला होत्या. शिवाय एक जिना थेट खोलीत वर यायचा, त्याला तर दारच नव्हतं. त्या जागेला आमच्या घरात "आईची खोली" म्हणायचे. म्हणताना कुणाची जीभ अडखळत नसे, याचा मला सगळ्यात जास्त संताप यायचा.

पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सांगितलं की मी भांडकुदळ ठरते. तशी मी आहेच, पण विनाकारण नाही.

मी टोप बनवते. नाटकवाल्यांचे नाही, बायकांचे. आजारपणानं, औषधांनी, कधी काहीच कारण न देता ज्यांचे केस जातात, त्या माझ्याकडे येतात. डोक्याचं माप घ्यायचं, त्या मापाची जाळी शिवायची आणि बारीक आकड्यानं त्या जाळीत एकेक केस गाठ मारून ओवायचा. डोळे जातात, मान जाते, पण टोप झाला की ती बाई आरशात बघते आणि स्वतःला ओळखते. जाळी ताणून बसवायला घरात लाकडी डोकी असतात. पोरं त्यांना "आईच्या मैत्रिणी" म्हणतात. म्हणोत. त्या मैत्रिणी निदान गप्प तरी बसतात.

या कामात एक गोष्ट टळत नाही. टोप बसवून बघताना बाईला डोकं उघडं करावं लागतं, आणि तेही घटकाभर नाही. कपाळावरची रेघ जुळवायची, कानामागे जाळी कापायची, भांग कुठे पाडायचा ते ठरवायचं. तोवर ती आरशासमोर तशीच बसलेली असते. जे डोकं तिनं घरच्या माणसांनाही दाखवलेलं नसतं, ते मला दाखवते. म्हणून मला एक खोली लागते. एक दार आणि आतून कडी. यापलीकडे मी आयुष्यात या घराकडे काही मागितलेलं नाही.

इतकी वर्षं सासूबाईंच्या खोलीवर भागत होतं. दुपारी त्या बाहेर रेडिओ लावून बसायच्या आणि मी आत कडी लावून काम करायची. मग त्यांचे गुडघे गेले आणि पलंग सुटेना. त्या म्हणाल्या, "सूनबाई, मी भिंतीकडे तोंड करून पडते. तुझं चालू दे." त्यांनी एवढं म्हणावं यातच सगळं आलं. पण समोरच्या बाईला कसं सांगायचं, की घाबरू नका, त्या भिंतीकडे बघतायत?

वरचा मजला म्हणजे एक लांबलचक हॉल होता. मधोमध जिना वर यायचा आणि मागच्या टोकाला बाथरूम. आम्ही चौघं तिथे कपाटं आडवी लावून झोपायचो. एकाला शिंक आली की चौघं जागे. तेव्हा एका रात्री जेवताना मी म्हटलं, "वर मला एक खोली काढून द्या. लहान चालेल. दार एक, कडी आतून."

तिथेच मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

कारण आमच्या घरात कुठलीही गोष्ट सरळ होत नाही. तिचं मतदान होतं. माझे यजमान बस डेपोत वेळापत्रकं आखतात. कुठली बस कुठून सुटेल आणि कुठे थांबेल हे ते ठरवतात, त्यामुळे जगात कुणी कुठून कुठे जावं हे आपल्याला कळतं असा त्यांचा समज आहे. डेपोतल्या कामगार मंडळाच्या अध्यक्षपदाला ते दर वेळी उभे राहतात आणि दर वेळी पडतात. बाहेर जमलं नाही ते त्यांनी घरात सुरू केलं. जेवणाच्या टेबलावर विषय मांडायचा, चर्चा करायची, "बाजूनं असतील त्यांनी हात वर करा" म्हणायचं आणि हात मोजायचे. आम्ही सगळे त्यांना अध्यक्ष म्हणतो. त्यांना वाटतं, आदरानं.

आता नियम ऐका. ज्याचा हात वर नाही तो तटस्थ, आणि तटस्थ म्हणजे मूकसंमती. हा नियमही त्यांचाच. जेवणाच्या वेळी माझ्या एका हातात पातेलं असतं आणि दुसऱ्यात डाव. माझा हात वर कधी जाणार? सोफ्याचा रंग, टीव्हीची जागा, सुट्टीत कुठे जायचं, सगळं माझ्या मूकसंमतीनं पास झालेलं आहे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते आमच्या घरी रीतसर ठराव करून.

मी खोली मागितली आणि अध्यक्षांचे डोळे चमकले. "विषय चांगला आहे. पण एकट्या तुझाच का? प्रत्येकाला खाजगीपणा हवा."

मुलगा लगेच म्हणाला, "मला तर हवाच." तो घरबसल्या कुठल्याशा कंपनीचे फोन घेतो. रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो. कानावर हेडफोन इतका कायम असतो की सासूबाई त्याला कानबंद म्हणतात.

"आणि माझा अभ्यास?" मुलगी म्हणाली. ती कायदा शिकतेय. शिकायच्या आधीपासूनच घरात तिचं नाव वकीलीणबाई आहे.

"मलाही घरी काम आणावं लागतं," अध्यक्ष म्हणाले. "शिवाय माझ्या घोरण्याचा सगळ्यांना त्रास."

यातलं एकही खोटं नव्हतं. मला वाटलं, बरंच झालं, सगळ्यांचंच होऊन जाईल. केवढी मी भाबडी!

पुढच्या सुट्टीच्या दिवशी अध्यक्षांनी वरची सगळी कपाटं भिंतीला सारली आणि खडू घेऊन फरशीवर आराखडा काढला. रस्त्याकडच्या बाजूला दोन खोल्या, एक त्यांची आणि एक मुलाची. मागच्या बाजूला मुलीची, तिच्या शेजारी बाथरूम. प्रत्येक खोलीत त्यांनी सुबक अक्षरात नाव लिहिलं. बाबा, दादा, ताई. आणि मधे, जिथे जिना वर येतो, जिथून सगळ्यांच्या दारात आणि बाथरूमला जायचं, तिथे जे उरलं त्यात लिहिलं, "आई / ये-जा".

मी ते दोनदा वाचलं.

"ही माझी खोली?"

"सगळ्यांत मोठी आहे," ते खुशीत म्हणाले. "मोजून बघ हवं तर."

"अहो, पण इथून सगळे जाणार."

"मग? आम्ही काय परके आहोत? आणि दिवसभर घरात असतं कोण?"

"कानबंद असतो. वकीलीणबाई असते. आणि माझ्याकडे बायका येतात त्यांचं काय?"

"त्या आल्या की आम्ही बघणार नाही. इतकं काय त्यात?"

विषय रात्री टेबलावर आला. मी रस्सा वाढत होते. तीन हात वर गेले. सासूबाईंचं जेवण त्यांच्या खोलीत जातं, त्यामुळे त्यांना कुणी मोजतही नाही. मी "थांबा, थांबा" म्हणत पातेलं खाली ठेवायला जागा शोधली, तोवर अध्यक्षांनी "मंजूर" म्हटलंसुद्धा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रस्सा त्यांच्या ताटात जरा जोरातच पडला. त्यांनी शर्ट पुसला आणि विषय संपला.

मग सुतार आला. महिनाभर वरच्या मजल्यावर फळ्या, भुसा आणि करवतीची किरकिर. दारं बसवायची वेळ आली तेव्हा मी त्याला म्हटलं, "कड्या माझ्या बाजूनंही लाव."

त्यानं पेन्सिल कानामागे खोचली. "वहिनी, तुमच्या बाजूनं लावली तर आतली माणसं कोंडली जातील. साहेबांनी सांगितलंय, ज्याची खोली त्याच्या आतून कडी."

"आणि ही खोली माझी आहे ना?"

"ही खोली कुठंय? हा पॅसेज आहे," तो म्हणाला. त्याला काही वाकडं बोलायचं नव्हतं, पण मला त्याच्या हातातली करवत हिसकावून घ्यावीशी वाटली.

मी तो विषय टेबलावर आणला. या वेळी हात पुसून, खुर्चीवर बसून आणला. वकीलीणबाई म्हणाली, "आई, बाहेरून कडी म्हणजे तुरुंग. घरातल्या माणसाला असं कोंडता येत नाही." सगळे हसले. मीही हसले असते, चार दारांच्या मधे माझी खुर्ची नसती तर. ठराव एक विरुद्ध तीन असा पडला.

शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. माझ्या खुर्चीभोवती गोल पडदा. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून छताला नळी ठोकली, जाड कापड अडकवलं आणि दोन पावलं मागे जाऊन आपलं काम बघितलं. "बघ, सुटला ना प्रश्न! उगाच डोक्यात राख घालून घेतेस."

खाली जाऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दगडापेक्षा वीट मऊ. पण बसायचं विटेवरच ना गं?"

तेव्हा माझ्याकडे एका बँकेतल्या कॅशियरबाईंचं काम चालू होतं. काचेच्या खिडकीमागे बसून दिवसभर लोकांना तोंड द्यायचं काम त्यांचं. आजारपणाच्या रजेनंतर त्या पुन्हा कामावर जाणार होत्या. "लोक आधी डोक्याकडे बघतात आणि मग पैशांकडे," त्या मला म्हणाल्या होत्या. पहिलं माप सासूबाईंच्या खोलीत झालं होतं, त्यांचे गुडघे जायच्या आधी. रुमाल सोडायला कॅशियरबाईंना इतका वेळ लागला की मी मधे दोनदा चहा करायला म्हणून बाहेर गेले. घरी त्या झोपतानाही डोक्याला टॉवेल गुंडाळतात. त्यांच्या नवऱ्यानंही ते डोकं बघितलेलं नव्हतं. त्यांच्या घरात सगळे एकाच खोलीत राहतात, म्हणून तर मी त्यांच्याकडे जात नव्हते आणि त्या माझ्याकडे येत होत्या.

टोप आता जवळजवळ झाला होता. फक्त बसवून बघायचा आणि कडा कापायच्या. मी त्यांना शनिवारी बोलावलं. अध्यक्षांना सुट्टी होती, पण ते आपल्या खोलीत वेळापत्रक घेऊन बसले होते. कानबंद झोपलेला. वकीलीणबाई अभ्यासात. मी सकाळीच तिघांनाही सांगून ठेवलं होतं, "दुपारी बाई येणार आहेत. बाहेर येऊ नका." तिघंही "हो, हो" म्हणाले.

त्या जिना चढून वर आल्या आणि चार दारांकडे बघून थबकल्या. "इथेच?"

"पडदा आहे," मी म्हटलं. माझा मलाच राग आला.

त्या बसल्या. मी पडदा ओढून घेतला. त्यांनी रुमाल सोडला, त्याची घडी घातली आणि तो मांडीवर ठेवला. मी टोप चढवला. त्यांनी आरशात बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचे खांदे जरा खाली आले. "भांग जरा डावीकडे घ्याल का?" त्या म्हणाल्या. "मी कॉलेजात असल्यापासून डावीकडेच पाडते." मी भांग बदलण्यासाठी टोप उतरवला आणि टाचण्या काढायला लागले.

तेवढ्यात कानबंद उठला. हेडफोन कानावर, टॉवेल खांद्यावर, डोळे अर्धे मिटलेले. बाथरूमकडे जाताना तो सरळ पडद्यात शिरला. कापड त्याच्या खांद्याला अडकलं, तो तसाच पुढे गेला आणि अध्यक्षांनी ठोकलेली नळी छतातून निसटून धाडकन खाली आली.

त्या आवाजानं मुलीचं दार उघडलं. अध्यक्षांचंही उघडलं. आणि मधोमध, खिडकीतून येणाऱ्या लख्ख उजेडात, कॅशियरबाई उघड्या डोक्यानं बसलेल्या.

मुलीनं खाली बघितलं आणि गपकन दार लावून घेतलं. मुलगा टॉवेल तोंडावर धरून बाथरूममध्ये पळाला. अध्यक्ष मात्र दोन पावलं पुढे आले, नळीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि हात जोडून म्हणाले, "बसा, बसा ताई. आम्ही बघत नाही."

बघत बघत म्हणाले.

कॅशियरबाईंनी रुमाल उचलला. घाईत त्याची गाठ बसेना. मी मदत करायला गेले तर त्यांनी मान मागे घेतली. जिन्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतात, कुणी येणार नाही." टोप न नेताच त्या गेल्या. मी वर आले तर अध्यक्ष स्टूल घेऊन नळी परत ठोकत होते.

त्या दिवशी मी जेवण केलं नाही. म्हणजे रांधलं नाही. टेबलावर रिकामी ताटं मांडली आणि माझी खुर्ची पुढे ओढली.

"आज मी दोन्ही हात मोकळे ठेवलेत," मी म्हटलं. "विषय माझा आहे. मधली खोली दुसरं कुणीतरी घ्या. मला एका दाराची द्या."

"हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही," अध्यक्ष म्हणाले.

"आज स्वयंपाकही नाही. बोला."

त्यांनी घसा साफ केला. "हे बघ, झालं ते वाईट झालं. पण त्या बाई आजारी आहेत. अशा माणसांचं मन हळवं असतं. एरवी कुणी इतकं मनाला लावून घेत नाही."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! मी टेबलावर हात आपटला. ताटं वाजली. "हळव्या त्या नाहीत. निर्ढावलेले तुम्ही आहात. तुमची वेळापत्रकं काय उघडी पडली असती? त्या कागदांना दार आणि कडी, आणि माझ्यासमोर बसणाऱ्या बाईला लटकतं फडकं? या घरात खोली मागितली कुणी? मी. आणि जिला नाही ती एकटी कोण? मी!"

कानबंदानं हेडफोन काढला होता, ही आमच्या घरात मोठीच घटना. "सॉरी, आई. मला दिसलंच नाही," तो म्हणाला. "पण माझे फोन असतात ना. मधे बसून कसे घेऊ?"

"मतदान घेऊ," अध्यक्ष म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचतच नाही. "आहे ती रचना ठेवावी, बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

त्यांचा हात वर गेला. मुलाचा जरा उशिरानं गेला. मुलीनं दोन्ही हात मांडीखाली धरले होते.

"विरोधात?"

मी हात वर केला. चांगला ताठ.

"मी तटस्थ," वकीलीणबाई म्हणाली.

"तटस्थ म्हणजे मूकसंमती. तीन विरुद्ध एक. मंजूर."

मुलीनं बापाकडे बघितलं. तो नियम तिनं जन्मापासून ऐकला होता. पण स्वतःच्या अंगावर पडलेला तो बहुतेक पहिल्यांदाच बघत होती.

सोमवारी अध्यक्ष डबा घेऊन डेपोत गेले. डबा मी भरला होता, रोजच्यासारखाच. अन्नावर मी राग काढत नाही, एकदा काढला तेवढा पुरे. ते कोपऱ्यावरून वळलेले दिसले आणि मी पदर खोचला. वर गेले, त्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि त्यांच्या खाटेवरची गादी गुंडाळली.

खाट दारातून निघेना. मी ओढतेय, ढकलतेय, मनात येईल ते बोलतेय. आवाजानं वकीलीणबाई बाहेर आली. दारात उभी राहून तिनं खाट बघितली, माझं तोंड बघितलं.

"आई, हे बेकायदेशीर आहे."

"हो."

मग ती पुस्तक जिन्याच्या कठड्यावर ठेवून म्हणाली, "पाय आडवे कर खाटेचे. मी कुठून धरू?"

दोघींनी मिळून खाट बाहेर काढली आणि जिना वर येतो तिथे, बाथरूमच्या दारासमोर मांडली. मग त्यांचं टेबल आणलं, टेबलावर वेळापत्रकं जशीच्या तशी. मग त्यांचा कपड्यांचा स्टँड. त्या गोल पडद्याला मी मुद्दाम हात लावला नाही. तो त्यांच्या उशाशी तसाच लटकू दिला. माझा आरसा, खुर्ची, लाकडी मैत्रिणी आणि माझी खाट आत गेली. रस्त्याकडची खिडकी आपल्या वाट्याला आलेली मी पहिल्यांदाच बघत होते. वकीलीणबाईनं कुठूनसा खडू शोधून आणला आणि खाटेपाशी वाकून फरशीवर बापासारख्याच सुबक अक्षरात लिहिलं, "बाबा / ये-जा".

मग मी दार लावलं आणि कडी घातली. उघडली. पुन्हा घातली. तो आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला. एका कडीसाठी बाईनं रडावं?

मी कॅशियरबाईंना फोन लावला. त्यांनी उचलला.

"दार एकच आहे आता," मी म्हटलं. "कडी आतून आहे. मी स्वतः लावून बघितली."

मग त्या म्हणाल्या, "उद्यापासून मला खिडकीवर बसायचंय."

"म्हणूनच आज या."

त्या आल्या तेव्हा उन्हं कलली होती. कानबंद अजून झोपलेला. त्या मधल्या खाटेला वळसा घालून आत आल्या, खडूनं लिहिलेलं वाचलं, पण काही विचारलं नाही. मी म्हटलं, "कडी तुम्हीच लावा." त्यांनी लावली आणि हलवून बघितली. मग खुर्चीत बसल्या आणि रुमाल सोडला. या वेळी मला चहाला जावं लागलं नाही.

भांग मी डावीकडे घेतला होता. कपाळावरची कड बसवली. तोंडात टाचण्या धरल्या, डाव्या हातानं जाळी ताणली आणि उजव्या हातानं कानामागे कात्री चालवायला लागले. नेमक्या त्याच वेळी जिन्यावर पावलं वाजली.

पावलं थांबली. मग दार ढकलल्याचा आवाज. दार हललं नाही.

"अगं?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. बाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. त्यांचा हात रुमालाकडे गेला होता. मी मान हलवली. नाही, बसा.

मग दारावर टकटक झाली. लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्यासाठी दार वाजवलेलं मला आठवत नाही.

मी टाचण्या हातात घेतल्या. "काम चालू आहे."

"ही माझी खोली आहे!"

"तुमची बाहेर आहे. सगळ्यांत मोठी. मोजून बघा."

"अगं, मी डेपोतून आलोय. कपडे बदलायचेत. इथे कसे बदलू? वर-खाली माणसं येतायत."

"बदला," मी म्हटलं. "आम्ही बघत नाही."

आरशात बाईंचे ओठ हलले. हसू होतं की नाही कोण जाणे, पण रुमालाकडे गेलेला हात परत मांडीवर आला.

बाहेर आता गर्दी झाली. कानबंद उठला होता आणि बाथरूमला जायला त्याला वाट नव्हती. "बाबा, खाटेवरून पाय घ्या ना!" मुलीचं दार उघडल्याचं ऐकू आलं. खालून सासूबाई ओरडल्या, "काय चाललंय रे वर?" पलंगावरून एवढा मोठा आवाज त्यांनी गेल्या कित्येक महिन्यांत काढला नव्हता.

"हे असं चालणार नाही," अध्यक्षांनी दाराशी जाहीर केलं. आवाज सभेतला होता, पण सभेतली ऐट त्यात नव्हती. "आपल्या घराची एक पद्धत आहे. आत्ताच्या आत्ता मतदान घेऊ. माझी खोली मला परत मिळावी. बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

कुणाचे हात वर गेले ते मला दिसलं नाही. दाराचा हा फायदाच आहे.

"दादा?" अध्यक्ष म्हणाले.

"मला आधी बाथरूमला जाऊ द्या," कानबंद म्हणाला.

"ताई?"

"या वेळी मी तटस्थ नाही," वकीलीणबाई म्हणाली. "आणि तो मूकसंमतीचा नियम मला दाखवा. कुठे लिहिलाय?"

खालून सासूबाईंचा आवाज आला, "माझा हात वर आहे रे! कुणाच्या बाजूनं ते मला अजून कुणी विचारलंच नाही!"

मग अध्यक्ष दाराच्या अगदी जवळ येऊन बोलले. आवाज खाली आला होता. "आणि तू? विरोध असेल तर हात वर कर. मी मोजतो."

माझ्या डाव्या हातात जाळी ताणलेली होती आणि उजव्या हातात कात्री. शेवटची कड राहिली होती. हात सोडला असता तर ती वाकडी गेली असती आणि उद्या सकाळी त्या खिडकीवर ती पहिल्यांदा दिसली असती. मी हात हलवला नाही.

कॅशियरबाईंनी आरशात माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे. आणि खुर्चीत बसल्या बसल्या, मान जराही न हलवता, त्यांनी हात वर केला.

"विरोधात एक," मी आतून सांगितलं आणि कड कापली.